न्यूझीलंडच्या वेस्ट कोस्टवर क्लब रग्बी खेळायची असेल तर: नवीन आलेल्यांसाठी सगळी माहिती

साउथ आयलंडच्या वेस्ट कोस्टला कामासाठी येणाऱ्या आपल्या पोरांचा, म्हणजे डेअरी फार्मवर, हॉस्पिटलात, मोटेलमधे जे येतात त्यांचा पहिल्या महिन्यातला प्रश्न एकच असतो, इथे माणसं कुठेत? आणि प्रश्न बरोबरच आहे. साधारण २३ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा, एका बाजूला सदर्न आल्प्स, दुसऱ्या बाजूला टास्मन समुद्र, आणि एवढ्या सगळ्यात मिळून माणसं जेमतेम ३३ हजार. उत्तरेकडे करामियाला रस्ता संपतो आणि दक्षिणेकडे हास्टच्या पुढे पण कोस्ट चालूच राहतो. अशा ठिकाणी माणसं भेटायची एक नक्की जागा म्हणजे शनिवारी दुपारी रग्बीचं ग्राउंड, म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. इथे क्लबला तुमच्या टॅलेंटपेक्षा तुमच्या हजेरीची गरज जास्त आहे. शहरात एका क्लबच्या चार चार टीम असतात, तिथे नवख्या माणसाला शेवटच्या टीमच्या बेंचवर जागा मिळते. इथे शनिवारी सकाळी पंधरा जण भरतायत का नाही हीच मॅनेजरची चिंता असते, कोणाची शिफ्ट लागली, कोणाची गाय अडली, कोणी क्राइस्टचर्चला गेला. त्यामुळे "मला खेळता येत नाही" हे कारण इथे चालत नाही, मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिसला वेळेवर या, शनिवारी येतो म्हटलं की या, बाकी सगळं शिकवतात. मी हे अगदी मनापासून सांगतोय, ज्याला बॉल नीट पास करता येत नव्हता अशा माणसाला सीझनच्या शेवटी क्लबने डोक्यावर घेतलेलं बघितलंय, फक्त तो दर आठवड्याला आला म्हणून.

आता रचना समजून घ्या. या पट्ट्यात दोन प्रोव्हिन्शियल युनियन, म्हणजे त्या त्या भागातल्या क्लबच्या संघटना आहेत. एक वेस्ट कोस्ट युनियन, ग्रेमाउथला, १८९० ची, आणि दुसरी बुलर युनियन, वेस्टपोर्टला, १८९४ ची. ग्रेमाउथ, होकिटिका, ग्रे व्हॅली आणि खाली साउथ वेस्टलँड हे वेस्ट कोस्टकडे, आणि वेस्टपोर्ट, रीफ्टन, वरचा करामियाचा भाग हे बुलरकडे. ग्रेमाउथ बाजूला ब्लेकटाउन, मॅरिस्ट, ग्रे व्हॅली, साउथ वेस्टलँड अशी नावं ऐकू येतील, वेस्टपोर्ट बाजूला व्हाइट स्टार, ओल्ड बॉईज वगैरे. पण कुठल्या क्लबची सीनियर टीम यावर्षी उतरतेय हे दरवर्षी नव्याने विचारा, कारण खेळाडू कमी पडले की इथे टीम बंद पडते नाहीतर दोन क्लब एकत्र येतात. क्लबच्या वर युनियनची रेप टीम (सगळ्या क्लबमधून निवडलेली प्रातिनिधिक टीम), आणि ती रेप टीम हार्टलँड चॅम्पियनशिप खेळते. हार्टलँड म्हणजे छोट्या बारा युनियनची स्पर्धा, २००६ पासून चालू आहे, वरच्या चार टीम मीड्स कपसाठी आणि पाच ते आठ नंबरच्या लोचोर कपसाठी खेळतात, आणि खेळणारे सगळे आठवडाभर आपापल्या कामावर असतात, शेतकरी, बिल्डर, मास्तर, खाणीतले, ट्रक ड्रायव्हर.

आणखी एक, रग्बीचे दोन प्रकार आहेत, रग्बी युनियन आणि रग्बी लीग (हे 'युनियन' म्हणजे खेळाचं नाव, वरची संघटना नव्हे), तेव्हा क्लबला मेसेज करायच्या आधी तो युनियनचा क्लब आहे का लीगचा हे बघा. वेस्ट कोस्टला कोळशाच्या खाणींमुळे रग्बी लीगची परंपरा पण जुनी आहे, रुनांगा, ब्लॅकबॉल ही लीगची गावं. लीगमधे तेरा जण असतात, टॅकल झाला की उठून पायाने बॉल मागे ढकलतात, आणि सहा टॅकलनंतर बॉल समोरच्याला. युनियनमधे पंधरा जण, आणि टॅकल झाल्यावर बॉलसाठी खरी झुंज तिथूनच सुरू होते. दोन्ही खेळ भारी आहेत, पण इथून पुढे मी फक्त युनियनबद्दल बोलतोय.

क्लबमधे शिरायचं कसं? फार सोपं आहे. फेब्रुवारी-मार्चमधे प्रीसीझन सुरू होतो, तेव्हा क्लबच्या फेसबुक पेजला मेसेज टाका, किंवा त्याहून बरं म्हणजे फार्मवर, कामावर कोणालाही विचारा की इथल्या क्लबचा कोच कोण, दोन मिनिटांत फोन नंबर मिळतो. मेसेजमधे चार गोष्टी लिहा, नाव, कुठे राहता, कामाचं रोस्टर काय, आणि आधी खेळलाय का नाही. वजन-उंची विचारतील, खरं सांगा. भारतात खेळला असाल, म्हणजे बॉम्बे जिमखान्यावर किंवा पुण्यात कुठे, तर ते पण जरूर सांगा. २०२५ ला अंधेरीत झालेली रग्बी प्रीमियर लीग बघून ज्यांना हा खेळ आवडला त्यांनी एवढं लक्षात ठेवा की ते सेव्हन्स होतं, सात जणांचं, चार चार मिनिटांचे चार क्वार्टर, इथे पंधरा जण आणि ऐंशी मिनिटं, दम वेगळा लागतो आणि अंगावर मार पण वेगळा बसतो. मग ऑनलाइन रजिस्ट्रेशन करायचं, सब्स भरायचे. सब्स म्हणजे वर्षाची फी, ती क्लबप्रमाणे बदलते, एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्या, मॅनेजरशी आधीच बोललात तर कोणी नाही म्हणत नाही.

डेअरीवाल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा, नीट वाचा. क्लब सीझन साधारण मार्चच्या शेवटापासून किंवा एप्रिलपासून जुलैपर्यंत चालतो, आणि हा काळ नशिबाने आपल्या बाजूचा आहे, कारण मेच्या शेवटापर्यंत गायी ड्राय ऑफ होतात आणि जून-जुलैला मिल्किंग बंद असतं. अडचण असते ती एप्रिल-मेची, तेव्हा दुपारचं मिल्किंग आणि मॅचची वेळ एकावर एक येते. काही फार्म सीझनच्या शेवटी दिवसातून एकदाच मिल्किंग करतात, तिथे प्रश्नच नाही. नाहीतर सीझन सुरू व्हायच्या आधीच बॉसला ड्रॉ (मॅचचं वेळापत्रक) दाखवायचा आणि कुठले शनिवार मोकळे हवेत ते ठरवून घ्यायचं, त्या बदल्यात रविवार घ्या, सकाळचं मिल्किंग घ्या. शुक्रवारी रात्री सांगू नका. इथले बरेच बॉस स्वतः कधीतरी खेळलेले असतात, त्यांना कळतं, पण रिलीफ मिल्कर शोधायला त्यांना वेळ लागतो. आणि १ जूनचा मूव्हिंग डे विसरू नका, त्या दिवशी शेअरमिल्कर (वाट्याने फार्म चालवणारे) आणि कामगार फार्म बदलतात, म्हणजे ऐन सीझनच्या मधे. तुमचा नवा फार्म शंभर किलोमीटर लांब पडणार असेल तर ते एप्रिलमधेच कोचच्या कानावर घाला, ट्रान्सफर करायची का तिथूनच ये-जा करायची हे आधी ठरलं की कोणाची धावपळ होत नाही. ऑगस्टला काल्व्हिंग, म्हणजे गायी व्यायला सुरुवात झाली की मग रग्बी विसरा, तेव्हा झोप मिळाली तरी खूप.

सामान काय लागतं ते आता. जर्सी क्लबची असते. शॉर्ट्स आणि सॉक्स तुमचे, क्लबकडूनच घ्या म्हणजे रंग जुळतो. माउथगार्ड सक्तीचा आहे, तो नसेल तर रेफरी उतरू देत नाही. दुकानात मिळणारा गरम पाण्यात टाकून दाताने दाबून घ्यायचा माउथगार्ड पहिल्या वर्षाला पुरतो, पण घरी घाई न करता नीट बसवा, ढिला राहिला तर श्वास घेताना त्रास होतो आणि माणूस तो काढून हातात धरतो. बूट मात्र विचार करून घ्या. होकिटिकाला वर्षाला २,८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनमधलं ग्राउंड म्हणजे वर गवत दिसतं आणि खाली चिखल. फुटबॉलचे बारीक मोल्डेड स्टडवाले बूट तिथे काही कामाचे नाहीत, स्क्रू होणारे अ‍ॅल्युमिनियमचे लांब स्प्रिग (स्टड) घ्या (नियमाने २१ मिलिमीटरपर्यंत चालतात), त्यांची किल्ली बॅगेत ठेवा आणि दर मॅचच्या आधी प्रत्येक स्प्रिग आवळा. धार आलेली असेल तर घासून घ्या नाहीतर बदला, रेफरी हात फिरवून तपासतो. मॅच संपली की बूट नळाखाली धुवायचे, आतलं सोल बाहेर काढायचं आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, रात्री एकदा ते बोळे बदलायचे. शेगडीजवळ ठेवू नका, बहुतेक घरांत कोळशाची नाहीतर लाकडाची शेगडी पेटलेली असते आणि मोह होतो, पण चामडं कडक होऊन तडकतं, सोल सुटतो. हेडगिअर घाला वाटलं तर, कान सोलवटत नाहीत, पण त्याने कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा धक्का, थांबत नाही हे पक्कं डोक्यात ठेवा. आणि प्रीसीझनला सँडफ्लायचं (चावणाऱ्या बारीक माश्यांचं) औषध बॅगेत पाहिजेच, संध्याकाळी उजेड असेपर्यंत पायाचं भरीत करतात.

आता खेळाचं. ज्यांनी गावाकडे कबड्डी खेळलीय त्यांच्याकडे अर्धी शिदोरी आहे, खरंच आहे, खाली वाकून माणसाच्या पायाला भिडायची भीती मोडलेली असते आणि हीच भीती मोडायला नवख्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण कबड्डीतल्या तीन सवयी सोडाव्या लागतात. पहिली, खांद्याची नुसती धडक. कबड्डीत डॅश मारून रेडरला बाहेर फेकलं तर पॉइंट, इथे हात न गुंडाळता खांदा मारला तर पेनल्टी, आणि जोरात मारला तर कार्ड. दुसरी, धरून ठेवणं. कबड्डीत पकड सुटली की गेला, इथे माणूस जमिनीवर आला की लगेच सोडायचं, बाजूला व्हायचं, उठून पायावर उभं राहायचं आणि मगच बॉलला हात लावायचा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे डोकं कुठे ठेवता ती. अँकल होल्डला डोकं बऱ्याचदा रेडरच्या पायांसमोर जातं, रग्बीत समोरून नव्वद-शंभर किलोचा माणूस पूर्ण स्पीडने येत असतो, डोकं त्याच्या समोर गेलं तर गुडघा थेट कानशिलात. डोकं कायम त्याच्या मागच्या किंवा बाहेरच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला, नजर वर, पाठ सरळ, दोन्ही हात मांड्यांभोवती घट्ट, आणि पाय चालू ठेवायचे. हे चालत चालत शिका, मग गुडघ्यावर बसून, मग जॉगिंगच्या स्पीडने. कोचला सांगायला लाजू नका की मला एक महिना फक्त टॅकलच शिकवा.

उंचीचा नियम पण लक्षात ठेवा. २०२३ पासून न्यूझीलंडच्या कम्युनिटी रग्बीमधे पहिल्या टॅकलरने छातीच्या हाडाच्या खाली, म्हणजे पोटाच्या भागात पकडायचं असं धोरण आणलंय, दुसरा येऊन भिडणारा खांद्याच्या रेषेच्या खाली. टीव्हीवर दिसतं तसं वरून छातीला मिठी मारायला जाऊ नका. बाकी पॉइंट्स सोपे आहेत, ट्राय (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं) पाच, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची किक) दोन, पेनल्टी आणि ड्रॉप गोल तीन तीन. पास मागेच द्यायचा, हातातून पुढे पडला तर नॉक-ऑन, मग स्क्रम, म्हणजे दोन्हीकडच्या आठ आठ जणांची एकमेकांना भिडून रेटारेटी, बॉल टाकायचा समोरच्यांनी. ऑफसाइड (बॉलच्या पुढे राहून खेळात भाग घेणं) आणि रक (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही टीमची उभ्याने होणारी रेटारेटी) हे दोन विषय डोक्यात बसायला अर्धा सीझन जातो, तोपर्यंत एकच सूत्र ठेवा, रकमधे कायम आपल्या बाजूने सरळ मागून या, बाजूने घुसू नका, आणि जमिनीवर पडला असाल तर बॉलपासून हात लांब.

जागा कुठली मागायची? नवख्याला बरेचदा विंगवर (ग्राउंडच्या कडेला) उभं करतात, म्हणजे तिथे कमी चुका होतील असा हिशोब. पण वेस्ट कोस्टच्या पावसात विंगपर्यंत बॉल पोचतच नाही, ऐंशी मिनिटं थंडीत कुडकुडत उभं राहायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत डोक्यावर एक हाय बॉल येतो तो पण ओल्या साबणासारखा. माझं मत विचाराल तर अंगात दम असेल तर फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) मागा. तिथे टॅकलच टॅकल असतात, सारखं कामात राहता, अंग गरम राहतं आणि खेळ लवकर कळतो. उंच असाल तर लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला), लाइनआउटला (बाहेर गेलेला बॉल आत फेकतात तेव्हा) उचलतील. फर्स्ट फाइव्ह आणि हाफबॅक या जागा पहिल्या वर्षी नको, सगळे निर्णय तिथे असतात. आणि फ्रंट रो, म्हणजे दोन प्रॉप आणि हूकर, इथे मात्र कोणी कितीही गळ घातली तरी शिकल्याशिवाय उभे राहू नका. टीममधे माणूस कमी असला की भरदार अंगाच्या नवख्याला "तू प्रॉपला ये" म्हणतात. स्क्रममधे आठ जणांचं वजन मानेवर येतं, ट्रेनिंग नसेल तर मानेला कायमची इजा होऊ शकते. रेफरीला सरळ सांगायचं की मी ट्रेन्ड नाही, मग तो न ढकलायचे स्क्रम लावतो, इथे त्याला गोल्डन ओल्डीज स्क्रम म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही, नियमातच आहे ते.

ओल्या ग्राउंडवरचा खेळ वेगळा असतो हे वरती बोललोच. बॉल दोन्ही हातात धरा, भिडायच्या आधी काखेत घट्ट दाबा. लांब पास विसरा, जवळच्या माणसाला पोटाजवळ हलका पास. फॉरवर्ड लोक रकच्या मागून बॉल उचलून एक एक मीटर पुढे जातात, दिसायला कंटाळवाणं वाटतं पण खेळताना त्यासारखी मजा नाही. बॉल सुटला आणि जमिनीवर पडला की पायाने पुढे रेटा नाहीतर अंगाने त्याच्यावर पडा, उभ्या उभ्या वाकून उचलायला जाऊ नका, हमखास निसटतो. आणि हाफ टाइमला कोरडा बनियन बदला, एवढ्या एका गोष्टीने दुसरा हाफ सुसह्य होतो.

प्रवास. खरं तर इथल्या रग्बीचा निम्मा भाग प्रवासच आहे. ग्रेमाउथ ते होकिटिका चाळीस किलोमीटर, ते काहीच नाही. ग्रेमाउथ ते वेस्टपोर्ट समुद्राच्या कडेने पुनाकाइकीवरून शंभर, वेस्टपोर्ट ते करामिया आणखी जवळपास तेवढंच, ब्लफचा वळणावळणाचा घाट चढून. फ्रान्झ जोसेफला राहणाऱ्याला ग्रेमाउथची मॅच म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. त्यामुळे एकट्याने गाडी काढू नका, क्लबची व्हॅन किंवा दोघातिघांत एक गाडी, पेट्रोलचे पैसे त्याच दिवशी द्या. मोठा पाऊस झाला की दरड येते, नदी रस्त्यावर येते आणि स्टेट हायवे बंद होतो, आणि बहुतेक ठिकाणी दुसरा रस्ताच नाही. म्हणून शनिवारी सकाळी निघायच्या आधी वाका कोटाही, म्हणजे इथलं रस्त्यांचं खातं, त्यांच्या साइटवर रस्ता चालू आहे का बघा, मगच मॅनेजरला "निघालो" टाका. एकपदरी पूल खूप आहेत, पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं. हॉर्न मारून पुढे घुसायची सवय इथे जिवावर बेतू शकते. जून-जुलैला सावलीतल्या वळणांवर ब्लॅक आइस असतो, तो दिसत नाही. मधे बराच वेळ फोनला सिग्नल नसतो, तेव्हा कुठून निघालो आणि कधीपर्यंत पोचेन हे घरमालकाला किंवा फ्लॅटमेटला सांगून निघा. गाडीत ब्लँकेट, टॉर्च, पाणी आणि खायला काहीतरी ठेवा.

लागलं तर काय करायचं, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय कारण आपल्या पोरांना याची माहितीच नसते आणि मग पैशाच्या भीतीने दुखणं अंगावर काढतात. न्यूझीलंडमधे एसीसी आहे, अपघातात झालेल्या इजेचा खर्च ती बघते, चूक कोणाची हे न विचारता, आणि वर्क व्हिसावर असाल तरी, रग्बी खेळताना लागलं असेल तरी. डॉक्टर किंवा फिजिओ स्वतःच क्लेम टाकतात, फिजिओकडे तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं, थोडा चार्ज आपल्याला भरावा लागतो. कामावर जाता येत नसेल तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. पण एक अट आहे, पहिला आठवडा एसीसी देत नाही, आणि इजा कामावरची नसल्यामुळे त्या आठवड्याचे पैसे देणं मालकावर पण बंधनकारक नाही. म्हणजे त्या सात दिवसांसाठी सिक लीव्ह किंवा अ‍ॅन्युअल लीव्ह हाताशी ठेवा, सगळी रजा दिवाळीला घरी जायला साठवली असेल तर तेवढा विचार करून ठेवा. ग्रेमाउथला 'ते निकाऊ' नावाचं हॉस्पिटल आहे, पण मोठी केस असली की हेलिकॉप्टरने क्राइस्टचर्चला नेतात.

डोक्याला लागलं तर तडजोड नाही. रेफरीला कन्कशनचा संशय आला तर तो ब्लू कार्ड दाखवतो, म्हणजे त्या दिवशी परत ग्राउंडवर नाही, नंतर डॉक्टरला दाखवायचं आणि पूर्ण खेळात यायला कमीत कमी २१ दिवस, ते पण डॉक्टरच्या परवानगीने. कार्ड दाखवलं नाही पण तुम्हाला गरगरतंय, उलटीसारखं होतंय, उजेड सहन होत नाहीये, तर स्वतः बाहेर या. त्या रात्री एकटे झोपू नका आणि स्वतः गाडी चालवत परत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी पहाटे क्वाड बाइकवर बसून गायी आणायला तर अजिबात जाऊ नका, बॉसला फोन करा, सरळ सांगा डोक्याला लागलंय. पंधरा जण भरत नाहीत म्हणून लवकर परत यायचा दबाव येतो, तो कोणी मुद्दाम टाकत नाही पण छोट्या क्लबमधे तो जाणवतो, तेव्हा आपणच ठाम राहायचं.

मॅचनंतर क्लबरूममधे आफ्टर-मॅच असतो आणि तो चुकवू नका, भले अर्धा तास थांबा. यजमान क्लब पाहुण्यांना खायला घालतो, दोन्ही कॅप्टन चार शब्द बोलतात, समोरच्या टीममधल्या चांगल्या खेळाडूचं नाव घेतात, रेफरीचे आभार मानतात. ज्याने तासापूर्वी तुम्हाला चिखलात लोळवलं तोच प्लेट हातात देतो. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, किचनमधल्या बायका आणि काका लोक आवर्जून काहीतरी वेगळं काढून ठेवतात, पण न सांगता गेलात तर सॉसेज रोल आणि मांस भरलेले पाय (pie) हेच असेल. स्वतः काहीतरी करून न्या, बटाटेवडे नेले तर पाच मिनिटांत ताट रिकामं होतं, हे बघितलेलं सांगतोय. दारू प्यायलाच पाहिजे असं काही नाही, कोणी विचारत पण नाही. पिणार असाल तर गाडी दुसऱ्याकडे, वीस वर्षांच्या वरच्यांना श्वासात लिटरमागे २५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि वीसच्या आतल्यांना शून्य.

क्लबची कामं पण वाटून घ्या. जर्सी धुणं, फ्लॅग लावणं, ग्राउंडवर रेषा मारणं, मीट रॅफलची (मांसाचं बक्षीस असलेल्या सोडतीची) तिकिटं विकणं, सरपण फोडून विकणं, असल्या कामांतूनच क्लबचा खर्च निघतो. नवीन माणूस न सांगता झाडू हातात घेतो तेव्हा त्याला सगळे नावाने ओळखायला लागतात, आणि नंतर घर बघायचं असो, गाडी घ्यायची असो, नवी नोकरी असो, याच लोकांकडून काम होतं.

खेळायचं नसेल किंवा बायको-मुलं बरोबर असतील तरी जागा आहे. लहान मुलांची रग्बी शनिवारी सकाळी असते, सहा-सात वर्षांपर्यंत रिपा, त्यात कमरेच्या पट्ट्यावरची फीत ओढायची, टॅकल नाही, बरीच पोरं थंडीत पण अनवाणी खेळतात, घाबरू नका. मुलींच्या टीमबद्दल क्लबला नाहीतर थेट युनियनला विचारा. आणि रेफरी तर सगळ्यांनाच हवे असतात. रग्बीस्मार्ट म्हणून सुरक्षिततेचा कोर्स आहे, कोच आणि रेफरीला तो करावाच लागतो, युनियन शिकवते, शिट्टी पण तीच देते. ज्यांचं इंग्लिश अजून बसलेलं नाही त्यांना वाटतं हे आपल्याने कसं होणार, पण मुलांच्या मॅचपासून सुरुवात केली की होतं, आणि इंग्लिश पण तिथेच सुटतं.

क्लब सीझन संपला की ऑगस्ट ते ऑक्टोबर हार्टलँड. तेव्हा काल्व्हिंगमधून एक दुपार काढता आली तर वेस्ट कोस्ट विरुद्ध बुलर ही मॅच बघा, रंडल कपसाठी असते. ग्रेमाउथला असेल तर जॉन स्टर्जन पार्कवर, ऑल ब्लॅक्सचे (न्यूझीलंडच्या राष्ट्रीय टीमचे) मॅनेजर राहिलेल्या इथल्याच माणसाचं नाव आहे ते, आणि वेस्टपोर्टला असेल तर व्हिक्टोरिया स्क्वेअरवर. सेडन शील्ड पण आहे, १९०६ ची, बुलर, वेस्ट कोस्ट, मार्लबरो आणि नेल्सन बेज यांच्यातली, ज्या प्रीमियर, म्हणजे पंतप्रधान, सेडनचं नाव त्याला आहे ते याच भागातून निवडून जायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरला व्हाइटबेटचा (बारीक माशांचा) पण सीझन असतो, ग्राउंडवर व्हाइटबेट पॅटी मिळाली तर ब्रेडच्या स्लाइसमधे घालून खा. आणि रेप टीमच्या खेळाडूंना मॅचनंतर जाऊन भेटा, त्यातले निम्मे तुम्ही क्लब सीझनला टॅकल केलेले असतात. पुढच्या वर्षीच्या प्रीसीझनची तारीख पण तिथेच विचारून घ्या आणि रोस्टर बनायच्या आधी बॉसला कळवून टाका.